मालदांडीच्या पिठाचा पांढरा: दुसऱ्या कंपनीच्या डब्यात जुनी शेड जुळवून घेताना

आमच्या हॉलच्या भिंतीचा रंग सांगायचा तर मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी दळून आणा, पीठ परातीत काढा आणि परात खिडकीपाशी धरा. तो रंग. पांढरा म्हणावा तर तेवढा पांढरा नाही, आणि क्रीम म्हणावा तर क्रीम त्याच्यापुढे पिवळं दिसतं. 2017 साली जुळे सोलापुरातलं हे घर बांधून झालं तेव्हा मी आणि हिने दोन रविवार घालवून तो निवडला होता. आठ वर्षांत एकदाही बदलावासा वाटला नाही.

गेल्या पावसाळ्यात गच्चीवरच्या टाकीचा पाइप गळला. टीव्हीमागची भिंत वरून चार फूट फुगली, पोपडे सुटले. प्लंबरने पाइप बदलला, गवंड्याने ओलं प्लास्टर खरवडून नवं केलं, महिनाभर वाळू दिलं. राहिला रंग. बाकीच्या तीन भिंती चांगल्या होत्या, सगळा हॉल रंगवायची गरज नव्हती. एका भिंतीला तोच रंग हवा होता, आणि तोही गड्ड्याच्या यात्रेआधी, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेआधी, कारण तिच्यातल्या अक्षता सोहळ्याला आमच्याकडे दरवर्षी पाहुणे उतरतात.

ज्या कंपनीचा रंग होता तिच्या नव्या शेडकार्डात तो नंबर नाही. ज्या दुकानातून घेतला ते बंद झालं. नंबर माझ्या वहीत लिहिलेला होता, पण त्या वहीचा उपयोग नव्हता. दुसऱ्या कंपनीच्या डब्यात तीच शेड जुळवून घ्यायची, हाच मार्ग उरला. सोलापुरात मशीन असलेलं कुठलंही रंगाचं दुकान ‘देतो की जुळवून’ म्हणतं. मी दोन दुकानांत ते करून घेतलं. एकदा फसलं, एकदा लागलं. कंपन्यांची आणि दुकानांची नावं लिहीत नाही, कारण दोष कुठल्याच डब्यातल्या मालाचा नव्हता, काम करण्याच्या पद्धतीचा होता, आणि ती पद्धत कुठल्याही दुकानात दिसू शकते.

माझ्याबद्दल एवढं सांगतो की मी अडतीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काढली, शेवटची पंधरा डाईंग मास्तर, म्हणजे सूत रंगवण्याच्या खात्याचा प्रमुख म्हणून. परदेशातून बायरचा स्वॅच, म्हणजे रंगाचा नमुना यायचा, आम्ही लॅब डिप, म्हणजे लॅबमध्ये रंगवलेला छोटा तुकडा काढून पाठवायचो, पसंत पडली की सगळा लॉट रंगवायला घ्यायचो. लोकांना वाटतं मरून, नेव्ही असले गडद रंग अवघड. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नापसंती ऑफ-व्हाइटला यायची. गडद रंगात थोडंफार इकडचं तिकडे झालेलं डोळा पोटात घालतो. ऑफ-व्हाइटला शंभर किलो सुतात रंगच मुळी पाच-दहा ग्रॅम असतो, त्यात दोन ग्रॅम चुकले तर टॉवेल गुलाबी तरी दिसतो नाहीतर हिरवट.

पहिल्या दुकानात मी वहीतला नंबर दिला. काउंटरवरच्या मुलाने संगणकात जुन्या कंपनीचं नाव आणि नंबर टाकला, संगणकाने त्यांच्या कंपनीतला ‘जवळचा’ नंबर दाखवला. मशीनने पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे मूळ पांढऱ्या रंगात, तीन रंगांच्या बारीक धारा सोडल्या, डबा शेकरवर हलला, पाच मिनिटांत चार लिटर हातात आले. सोळाशे रुपये. मी म्हटलं, झाकण उघडून कार्डावर एक हात मारून दाखव. तो म्हणाला, ‘काका, सेमच आहे, कॉम्प्युटरने दिलाय.’ दुकानात गर्दी होती, मी आग्रह धरला नाही. तो धरायला हवा होता.

घरी पेंटरने कोपऱ्यात दोन फूट जागेवर हात मारला. सकाळी उजेडात बघितलं तर अगदी वाईट नव्हतं, किंचित वेगळं. संध्याकाळी हॉलचे पिवळे दिवे लावले आणि तो तुकडा लाल मारायला लागला. शेजारची भिंत पिठासारखी आणि हा चौकोन गुलाबपाकळीसारखा. पेंटर म्हणाले, ‘मास्तर, हे गुलाबी झालं की.’ दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो. मशीनवर केलेला रंग परत घेत नाही, असं सांगितलं. तो नियम सगळीकडेच आहे आणि रास्तही आहे; माझ्यासाठी मिसळलेला रंग दुसऱ्या कुणाला विकणार? माझी तक्रार वेगळी आहे. कार्डावर एक हात मारून, वाळवून दाखवायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं दिली असती तर माझे सोळाशे वाचले असते आणि त्यांचं गिऱ्हाईकही टिकलं असतं.

नंबरावरून नंबर का लागत नाही, हे रंगकाम केलेल्या माणसाला चटकन कळतं. एशियन असो, बर्जर, नेरोलॅक, ड्युलक्स किंवा पुण्याची इंडिगो, प्रत्येकाचा पांढरा बेस आपापला असतो. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरेपणा देणारी पूड किती आणि भरणीचा माल किती, यावर मुळातला पांढरा ठरतो. त्यात पडणारे स्टेनर, म्हणजे छटा देणारे रंगही प्रत्येकाचे वेगळे. एकाचा पिवळा जरा हिरवट अंगाचा, दुसऱ्याचा जरा तांबूस. गडद शेडमध्ये हे झाकलं जातं, पण मोतिया, हस्तिदंती, सायीचा, पिठाचा असल्या पांढऱ्यांत तेच तर सगळं असतं. जुन्या लोकांना हे चुन्याच्या काळापासून माहीत होतं. चुन्यात नीळ टाकली की भिंत थंड आणि शुभ्र, चिमूटभर पिवडी, म्हणजे पिवळी माती टाकली की उबदार. माझे वडील पिवडी बोटाच्या चिमटीने टाकायचे, चमच्याने नाही.

आणखी एक, माझी भिंत आता नंबराची राहिलीच नव्हती. आठ वर्षं उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातली फोडणी, उन्हाळ्यातली धूळ. मूळ कंपनीने तोच डबा आज दिला असता तरी तो या भिंतीला लागला नसता. जुळवायचं होतं ते आजच्या भिंतीशी.

दुसऱ्या दुकानात पेंटरच घेऊन गेले. ते राहतात पूर्व भागात, घरात तेलुगू बोलतात, आणि रंगाच्या बाबतीत त्यांचा शब्द मी मानतो. मशीनवर पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. मी वही उघडायला लागलो तर म्हणाले, ‘नंबर राहू द्या. तुकडा आणलाय का?’ तेवढ्यावरच मला बरं वाटलं.

तुकडा मी आणला होता. भिंत खराब होऊ नये म्हणून स्विचबोर्डची प्लेट काढून तिच्यामागचा खपला कटरने कापला होता. त्यांनी तो हातात घेतला, दारापाशी जाऊन उजेडात बघितला आणि विचारलं, ‘हा कुठून काढला?’ सांगितलं. ‘मग हा 2017 चा रंग आहे. तुम्हाला आजचा पाहिजे.’ अगदी खरं होतं. प्लेटमागे धूर नाही, धूळ नाही, ऊन नाही. ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. त्यांनी परत पाठवलं, आणि कसा काढायचा तेही सांगितलं: शेजारच्या भिंतीवरून, उभं राहिल्यावर नजर जाते त्या उंचीवरून, आधी ओल्या फडक्याने हलकं पुसून, वाळू देऊन, मग पुट्टीसकट दोन इंचांचा सपाट खपला. तुटका-मुटका चालत नाही, मशीनच्या डोळ्याला सपाट जागा लागते. कोचाच्या पाठीमागून काढला, तिथलं भोक आता कुणाला दिसत नाही.

त्यांच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारं यंत्र आहे, दुकानात ‘स्कॅनर’ म्हणतात. ते कसे वापरतात हे मी नीट बघितलं, कारण हेच यंत्र आमच्या लॅबमध्ये होतं आणि त्याचा सगळ्यात जास्त गैरवापर घाईने होतो. त्यांनी आधी सोबतच्या पांढऱ्या टाइलवर ते ठेवून कॅलिब्रेट केलं. मग खपल्यावर तीन ठिकाणी मोजलं आणि सरासरी घेतली. मग मला विचारलं, ‘फिनिश मॅट आहे ना? आणि हॉलला बल्ब कसले?’ जुनी भिंत मॅट आणि नवी जरा चकाकीची झाली, तर आतली शेड तंतोतंत असली तरी तिरप्या उजेडात दोन वेगळे रंग दिसतात. बल्बचा प्रश्न तर मला सोलापुरात पहिल्यांदाच कुणी विचारला.

तो प्रश्न का महत्त्वाचा ते सांगतो. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात, याला आमच्याकडे मेटामेरिझम म्हणायचे. दोन्हीकडे वेगळी पिगमेंट वापरून तोच रंग गाठला की असं होतं. म्हणून लॅबमध्ये लाइट बॉक्स असायचा. बटण दाबलं की डी-65, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा. दुसरं दाबलं की टीएल-84, दुकानातल्या ट्यूबसारखा. तिसरं दाबलं की जुन्या पिवळ्या बल्बचा. तिन्हीत लागला तरच लॉट पास. आमच्या हॉलला 3000 केल्विनचे पिवळसर एलईडी आहेत आणि जेवणाच्या बाजूला 6500 ची पांढरी ट्यूब. म्हणजे घरातच लाइट बॉक्स आहे. पहिल्या दुकानाचा रंग ट्यूबखाली निभावून गेला असता, पिवळ्या दिव्यात उघडा पडला.

स्क्रीनवर फॉर्म्युला आला: यलो ऑक्साइड, त्याहून कितीतरी कमी काळा, आणि नावापुरता रेड ऑक्साइड. खाली डेल्टा ई 0.6. दोन रंगांतलं अंतर सांगणारा हा आकडा आहे. एकच्या खाली गेला की साध्या डोळ्याला फरक सहसा कळत नाही. आमचे बायरही बहुतेक एकच्या आत मागायचे. पण तो मशीनचा अंदाज असतो. डब्यात काय पडलं ते वाळल्यावर कळतं.

मी एक लिटर मागितला. भिंत चौदा बाय दहा, दोन हातांना दीड लिटर पुरे, एक-एकचे दोन डबे घेऊ असा माझा हिशोब होता. त्यांनी नकार दिला. म्हणाले, ‘इतक्या फिक्या शेडला एक लिटरमध्ये मशीन धड मोजत नाही.’ बरोबर आहे. मशीनने सोडलेल्या सगळ्यात बारीक थेंबालाही वजन असतं. एक लिटरला काळा अर्धाच थेंब लागत असेल तर मशीन एक तरी सोडणार नाहीतर एकही नाही. चार लिटरमध्ये तीच चूक चौथ्या हिश्शावर येते. शिवाय दोन डबे वेगवेगळे मारले की त्या दोघांतच फरक पडायची भीती. चार लिटर घेतले, साडेअठराशे रुपये. जुळवण्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आणि आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ती गोष्ट. शेकरवरून डबा उतरला, त्यांनी झाकण उघडलं, कार्डावर पट्टीने सारखा पातळ थर ओढला आणि हेअर ड्रायरने वाळवला. ओला इमल्शन डोळ्याला फसवतो, वाळल्यावर तो बदलतो, बहुतेक वेळा जरा गडद होतो. वाळलेलं कार्ड आणि माझा खपला घेऊन आम्ही दोघं दारात गेलो. खपला कार्डावर ठेवला, मध्ये फट न ठेवता. मग डावीकडचा उजवीकडे केला. दोन रंग बघताना जागा बदलून बघावे लागतात, नाहीतर डोळा एका बाजूला धरून बसतो. जवळजवळ लागला होता, पण आमचा खपला किंचित उबदार आणि कार्ड अगदी जरासं हिरवट. मी म्हणायच्या आधी ते म्हणाले, ‘लाल कमी पडतोय.’

दुसऱ्या एखाद्याने तिथेच डब्यात रेड ऑक्साइडची धार सोडली असती. यांनी स्टीलचा पेला घेतला, डब्यातला 200 मिली रंग मोजून पेल्यात काढला. रेड ऑक्साइडच्या बाटलीतून ड्रॉपरने एकच थेंब त्यात टाकला आणि काडीने दोन-तीन मिनिटं घोटला, कडेची रेघ नाहीशी होईपर्यंत. परत कार्ड, परत ड्रायर, परत दार. लागला. मग डब्याचा हिशोब आला. मी सवयीने म्हटलं, 200 मिलीला एक, तर चार लिटरला वीस. ते म्हणाले, ‘एकोणीस, मास्तर. विसावा पेल्यात आहे.’ आणि एकोणीस थेंब मोठ्याने मोजून डब्यात टाकले, पेला त्यात रिकामा केला, डबा परत शेकरवर. डाईंगच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातात अशी शिस्त दिसली की काय वाटतं, ते आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको.

घरी आल्यावर थेट भिंतीवर मारला नाही. हार्डबोर्डच्या फूटभर तुकड्यावर प्रायमर आणि दोन हात मारून रात्रभर वाळू दिला. कडेला पांढरी पट्टी सोडली नाही. पांढऱ्या चौकटीत कुठलाही उबदार रंग आहे त्याहून पिवळा वाटतो. तो तुकडा शेजारच्या भिंतीला कडेला कड लावून सकाळी दहाला बघितला, दुपारी चारला बघितला, रात्री पिवळ्या दिव्याखाली आणि ट्यूबखाली बघितला. दुपारी अंगणातल्या कडुलिंबाचा हिरवा उजेड खिडकीतून आत येतो आणि व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीचा निळसर करडा, म्हणून ती वेळ मुद्दाम धरली. चारही वेळा कड शोधावी लागली. हिने विचारलं, ‘अहो, तुकडा भिंतीला लावलाय तरी का?’ मग पेंटरला बोलावलं.

पेंटरने एक गोष्ट निक्षून सांगितली आणि ती प्रत्येकाने ऐकावी. ‘पॅच मारू नका. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत घ्या.’ भिंतीच्या मधोमध जोड आला तर अर्ध्या टक्क्याचा फरकही दिसतो. कोपऱ्यात मात्र दोन भिंतींवर उजेडच वेगळा पडतो, एकाच डब्याने रंगवल्या तरी त्या दोन छटांच्या दिसतात. त्यामुळे उरलासुरला फरक कोपरा गिळतो. नव्या पुट्टीवर त्यांनी प्रायमरचे दोन हात दिले, नाहीतर भिंत रंग पिते आणि तेवढाच भाग डागासारखा उठतो. जुनी भिंत रोलरने मारलेली होती म्हणून हीही रोलरनेच. डिसेंबरची हवा असल्याने रंग निवांत वाळला. मे महिन्यात आपल्याकडे रोलर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मागची कड सुकलेली असते आणि पट्टे राहतात, तेव्हा हे काम थंडीतच काढा.

दुसऱ्या दुकानाच्या उणिवाही लिहितो. दीड तास लागला, आणि मध्ये तीन गिऱ्हाइकं आली की आपण बाकावर. संध्याकाळी गेलात तर काउंटरवर मुलं असतात आणि तीही नंबर टाकूनच डबा देतात. हे सगळं काम त्या एका माणसाच्या हातात आहे. सकाळी अकराच्या आत जावं. बिलावर नुसता बेसचा कोड येतो, फॉर्म्युला येत नाही. मी मागितला तेव्हा त्यांनी मशीनमधून स्टिकर काढून झाकणावर चिकटवला, पण हाताने टाकलेले थेंब त्यात कुठून येणार? ते मीच मार्करने लिहिले: ‘अधिक रेड ऑक्साइड 20 थेंब, पेल्यासकट.’ नुसता नमुना म्हणून छोटा डबा मिळत नाही, हे ज्यांना एक कोपराच रंगवायचा आहे त्यांना महाग पडेल.

नवं घर रंगवणाऱ्यांना जाताजाता एक सुचवतो. आमच्या जर्मन मशीनच्या पत्र्यांवर आरएएलचा नंबर असायचा. 1927 पासून चालत आलेली ती तिकडची रंगांची यादी आहे. 9010 म्हणजे प्युअर व्हाइट, 9001 म्हणजे क्रीम. अशा यादीतला पांढरा निवडला तर पुढे कंपनी बदलली तरी कशाशी जुळवायचं ते पक्कं राहतं, कार्डातून नंबर गायब होत नाही. घरगुती रंगाच्या दुकानात हा नंबर सांगितला तर बरेचजण बघत राहतात, मशिनरीचे रंग विकणाऱ्यांना तो कळतो. आणि कुठलाही रंग घेतलात तरी उरलेल्यातला एक हात पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मारून, तारीख लिहून, कपाटात ठेवा.

गड्ड्याच्या वेळी भाचा आला होता. तो यात्रेच्या मिरवणुकीतला नंदीध्वज, म्हणजे उंच मानाची काठी पेलतो. कडक धुतलेली बाराबंदी, म्हणजे यात्रेचा पांढरा पोशाख घालून तो त्या भिंतीपुढे उभा राहिला तेव्हा मी बाराबंदीचा पांढरा आणि भिंतीचा पांढरा शेजारी शेजारी बघून घेतले. एक नीळ दिल्यासारखा थंड, एक पिठासारखा. भिंत कुठेही लाल मारत नव्हती.

एक गोष्ट अजून उरली आहे. नव्या भिंतीत आम्ही आठ वर्षांचा धूर रंगानेच मिसळून टाकलाय. ती आता स्वतःचा धूर वेगळा धरेल, आणि बाकीच्या तीन आधीच धरून बसल्या आहेत. दोन वर्षांनी फरक पडला तर बाकीच्या भिंती याच डब्याने मारायच्या, म्हणून उरलेला अडीच लिटर घट्ट झाकण लावून माळ्यावर ठेवलाय. पहिल्या दुकानाचा गुलाबी डबा वरच्या खोलीला वापरला. तिथे चारही भिंती त्याच्याच आहेत, त्यामुळे तो तिथे छान दिसतो.